छोटी विमान कंपनी, मुक्कामी विमान आणि कराराचे पैसे : अलायन्स एअरच्या निमित्ताने

कुडाळकर_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय.

९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळ सुरू झाला आणि अलायन्स एअरचं एटीआर, म्हणजे पंख्याचं लहान विमान, मुंबईहून सिंधुदुर्गात उतरलं. आमच्याकडचे लोक म्हणायचे, "इमान इला तेवा सगळो गाव बघूक गेल्लो." ते खरंच होतं, परुळ्याच्या सड्यावर जत्रेसारखी गर्दी होती. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी मदत देणाऱ्या उडान योजनेची तीन वर्षं संपली आणि मुंबई–चिपी फेरी बंद झाली. गावात त्यावर दोनच प्रतिक्रिया ऐकू आल्या : एकतर "राजकारण", नाहीतर "कंपनीच बेकार".

मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कॅगचा २०२३ चा उडानवरचा अहवाल वाचला. उडान-३ पर्यंत, म्हणजे तिसऱ्या टप्प्यापर्यंत, ७७४ मार्ग दिले गेले. सुरू झाले ३७१. तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग फक्त ५४. म्हणजे चिपीत जे झालं ते देशभर झालंय, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत झालंय.

तेव्हा मला समजून घ्यायचंय की ह्या लहान कंपन्या चालतात कशा. सतत विमानं का बदलतात, आज इथे तळ तर उद्या तिथे असं का होतं, आणि उड्डाणाचे पैसे नक्की कोण देतं? इथे विमानक्षेत्रातले काही सदस्य आहेत हे माहीत आहे. सविस्तर लिहा, घाई नाही.

---

सोनचाफा

चांगला विषय. वाचतेय.

---

तांत्रिक_काका

कुडाळकर, मी विमान देखभालीत आयुष्य काढलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं एटीआरवर. आता निवृत्त आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. आधी अलायन्सच्या विमानांचा इतिहास सांगतो, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

१९९६ साली ही कंपनी उडू लागली ती इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी म्हणून, त्यांचीच जुनी बोइंग ७३७-२०० घेऊन. म्हणजे सुरुवात लहान विमानांनी झालेली नाही. जुलै २००० मध्ये पाटण्याला जो भीषण अपघात झाला तो ह्याच ताफ्यातल्या विमानाचा. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून ६० माणसं गेली. त्यानंतर जुन्या ७३७ बद्दल देशभर चर्चा झाली आणि काही वर्षांत ती विमानं प्रवासी सेवेतून गेली.

मग आली एटीआर ४२-३२०. ही का आली, हे नीट बघा. ईशान्येतल्या राज्यांना जोडायला मोठं विमान परवडत नव्हतं, म्हणून ईशान्य परिषदेबरोबर करार झाला. तूट परिषद भरणार, विमानं आणि माणसं अलायन्स देणार. त्या कामाची विमानं कोलकात्याला ठेवली होती. आगरतळा, सिल्चर, ऐजॉल, शिलाँग, लीलाबाडी ह्या बाजूचं उड्डाण तिथून व्हायचं. म्हणजे विमानाचा प्रकार आणि तळ दोन्ही करारानं ठरवले.

दरम्यान चार सीआरजे-७०० जेटही येऊन गेली. एवढ्या थोड्या विमानांसाठी वेगळे वैमानिक, वेगळे इंजिनिअर, वेगळे सुटे भाग ठेवणं कुठल्याही लहान कंपनीला जड जातं, आणि ती टिकली नाहीत. माझ्या मते तो निर्णयच कच्चा होता.

२०१४ च्या अखेरपासून एटीआर ७२-६०० येऊ लागली आणि कंपनीला खरा आकार आला. ७० जागा, दोन वैमानिक, दोन केबिन क्रू. मग २०२२ मध्ये एटीआर ४२-६०० आली, मुख्यतः शिमल्यासाठी. जुब्बरहट्टीची धावपट्टी १,२०० मीटरच्या आसपास, डोंगर कापून केलेली. तिथून भरलेलं विमान उचलताच येत नाही. त्याच वर्षी एचएएलची डॉर्नियर २२८ घेतली, १७ जागांची. १२ एप्रिल २०२२ ला दिब्रुगड–पासीघाट पहिली फेरी झाली.

एटीआर ४२ आणि ७२ ही भावंडं आहेत. थोडं जादा प्रशिक्षण दिलं की तोच वैमानिक दोन्ही उडवतो. डॉर्नियरचं तसं नाही. तिचा वैमानिक वेगळा, परवान्यावर सही असलेला इंजिनिअर वेगळा, स्टोअरमधला रॅकसुद्धा वेगळा. तरीही मी म्हणेन की डॉर्नियर घेणं योग्य होतं. अरुणाचलच्या त्या धावपट्ट्यांना दुसरं विमान नव्हतं, आणि वायुदूत ह्या जुन्या सरकारी कंपनीनं १९८० च्या दशकात हेच विमान ह्याच कामाला वापरलं होतं. पण तो खर्च तिकिटातून निघत नाही. कुणीतरी तो उचलावाच लागतो.

---

पल्लवी_जळगाव

काका, छान लिहिलंत. आमच्या जळगावचं सांगते. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं बीचक्राफ्ट १९००डी आलं, १८-१९ जागांचं. मुंबईची फेरी होती. ती मधूनच थांबली. २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं, मुंबई आणि अहमदाबादला. २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेटच बंद पडली. मग काही काळ सगळं शांत. २०२४ मध्ये फ्लाय९१ गोवा आणि हैदराबादसाठी आली, आणि अलायन्स मुंबईसाठी.

विमानतळ तोच, धावपट्टी तीच, प्रवासीही तेच. केळीचे व्यापारी, सोन्याचे व्यापारी, मुंबईत उपचाराला जाणारी माणसं. आमच्या घरातही आजारी माणूस घेऊन जायची वेळ आली तेव्हा विमान चालू आहे की बंद, हे आधी शोधावं लागलं. भाडं थोडं जास्त असतं तरी चाललं असतं, पण भरवसा हवा असतो.

माझा प्रश्न : कंपनी बदलली तरी प्रत्येक वेळी तीन वर्षांच्या आत-बाहेरच गाडी का अडते?

---

उजवी_सीट

पल्लवीताई, मी प्रादेशिक विमानांवर फर्स्ट ऑफिसर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

तीन वर्षांचं गणित सरळ आहे. उडानमध्ये विमानातल्या साधारण निम्म्या जागा स्वस्त दराच्या असतात. कमीत कमी ९, जास्तीत जास्त ४०. सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची मर्यादा होती. त्या जागांवर होणारी तूट भरून काढणारी सरकारी मदत म्हणजे व्हीजीएफ. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून येतो, ईशान्येत ९० आणि १०. ही मदत तीन वर्षं, आणि त्या काळात त्या मार्गावर कंपनीला मक्ता. तीन वर्षांनंतर दोन्ही गोष्टी एकदम संपतात. तोपर्यंत लोकांना २,५०० ची सवय झालेली असते, आणि चौथ्या वर्षी तेच तिकीट दुप्पट झालं की विमान अर्धं रिकामं जातं.

पण मला लिहायचंय ते क्रूच्या बाजूनं, कारण त्यावर फार कुणी बोलत नाही.

विमान कंपनीत 'बेस' म्हणजे तुमची ड्युटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर. घर, मुलांची शाळा, आईवडील सगळं त्याच्याभोवती. मोठ्या कंपनीत बेस सहसा वर्षानुवर्षं बदलत नाही. लहान कंपनीत करार बदलला की विमान हलतं आणि विमान हललं की माणसं हलतात. मी आधी ज्या लहान कंपनीत होतो तिथे एका ईमेलवर आमचा बेस बदलला. नवीन शहरात घर शोधायलाही धड वेळ नव्हता. पुढे पगार लांबू लागले. केबिन क्रूमधल्या मुली, विशीतल्या, लातूर-परभणीकडून आलेल्या, खोलीचं भाडं कसं भरायचं ह्या चिंतेत प्रवाशांसमोर हसत उभ्या राहायच्या. ते बघून फार वाईट वाटायचं.

आणि ह्याचा थेट परिणाम तुमच्या फेरीवर होतो. एटीआरचा कॅप्टन तयार व्हायला वर्षं लागतात. तो तयार झाला की एअरबसवाली कंपनी त्याला जवळजवळ दुप्पट पगाराचं पत्र देते. २०१७ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, कॅप्टनचा नोटीस कालावधी एक वर्ष केला, तरी जाणारे जातातच, आणि त्यांना दोष कसा देणार? आठ विमानांच्या कंपनीतून चार-पाच कॅप्टन एका हंगामात गेले तर एक विमान धड असूनही उभं राहतं. मग कुठली फेरी रद्द होते? ज्या गावात क्रूचा बेस नाही, जिथे दिवसात एकच फेरी आहे, आणि जिथे रद्द केल्यावर पुढची साखळी बिघडत नाही, ती. म्हणजे चिपी, जळगाव, नांदेड.

---

कुडाळकर_ठाणे

उजवी_सीट, शेवटचा परिच्छेद वाचून बरंच उलगडलं. चिपीचं सुरुवातीचं वेळापत्रक आठवा. विमान मुंबईहून निघून दुपारी एकच्या सुमारास उतरायचं आणि अर्ध्या तासात परत फिरायचं. सकाळी मुंबईत काम करून संध्याकाळी घरी, हे शक्यच नव्हतं. ज्यांना पैसे मोजून जायचं होतं त्या व्यापाऱ्याला, वकिलाला, डॉक्टरला ती वेळ निरुपयोगी. उरले चाकरमानी आणि पर्यटक, तेही गणपती, मे महिना आणि नाताळ.

---

तांत्रिक_काका

हेच म्हणायचं होतं. कोकणात, विदर्भात ज्यांचं बालपण गेलं त्यांना मुक्कामी एसटी आठवत असेल. रात्री शेवटची गाडी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला जायची. गावाचा दिवस त्या पहाटेच्या गाडीवर चालायचा. विमानाचंही तेच आहे. विमान रात्री जिथे मुक्कामाला असतं, त्या शहराला सकाळची फेरी मिळते. बाकीच्यांना मधली, उरलेली वेळ.

आता मुक्कामाला काय लागतं ते विचारू नका, नाहीतर मी थांबणार नाही. तरी एक गोष्ट सांगतो. एटीआरला एपीयू नसतो, म्हणजे जमिनीवर उभं असताना वीज आणि गार हवा देणारं ते शेपटीतलं छोटं इंजिन. त्याऐवजी 'हॉटेल मोड' असतो. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून जखडायचा आणि इंजिन मात्र चालू ठेवायचं. पंखा स्थिर, आतून इंजिनाची घरघर, केबिनमध्ये दिवे आणि एसी चालू. प्रवासी डाव्या बाजूनं, मागच्या दारातून चढतात, सामान पुढच्या दारातून. त्यामुळे जमिनीवरून वीज देणारी गाडी नसलेल्या लहान विमानतळावरही एटीआर वीस-पंचवीस मिनिटांत वळून जाऊ शकतं. फ्रेंच-इटालियन लोकांनी हे लहान गावांचा विचार करून बनवलेलं विमान आहे. मला त्याचं फार कौतुक आहे. पण हॉटेल मोड म्हणजे इंजिनाचे तास आणि इंधन, मागून जोराचा वारा असेल तर तो वापरता येत नाही, आणि रात्रभर तर तो चालवत नाहीच. मुक्कामाला माणूस आणि सामग्री लागतेच.

---

मिलवॉकीकर

इथे अमेरिकेत ह्याच धंद्याचं दुसरं रूप बघतोय, म्हणून लिहितो. आमच्या विस्कॉन्सिन राज्यातलीच ॲपलटन इथली एअर विस्कॉन्सिन घ्या. तिच्या विमानावर तिचं नाव जेमतेम दिसायचं. रंग युनायटेडचा नाहीतर अमेरिकनचा. मोठी कंपनी मार्ग ठरवते, तिकीट विकते, इंधनाचा खर्च सोसते. लहान कंपनी विमान आणि क्रू पुरवते आणि उड्डाणाच्या तासांप्रमाणे पैसे घेते. विमान भरलं की रिकामं गेलं ह्याची झळ लहान कंपनीला थेट बसत नाही.

ऐकायला छान. पण करार एकाशीच असला की तो संपला की सगळं संपतं. एअर विस्कॉन्सिन युनायटेडकडे होती, यूएस एअरवेजकडे गेली, पुन्हा युनायटेड, २०२३ मध्ये अमेरिकन. प्रत्येक वेळी क्रूचे बेस हलले. २०२५ मध्ये अमेरिकनचा करार संपला आणि पन्नास जागांची सीआरजे-२०० विमानं घेऊन कंपनीला चार्टर आणि सरकारी मदतीच्या मार्गांकडे वळावं लागलं. आता तिची मालकीही बदलली आहे.

सरकारी मदतीचं मात्र इथे वेगळं आहे. १९७८ मध्ये विमानसेवा खुली झाली तेव्हापासून 'इसेन्शियल एअर सर्व्हिस' चालू आहे. गावाला पात्रता असेल तोवर सेवा चालू राहते. दर काही वर्षांनी निविदा निघते, कंपनी बदलू शकते, पण गावाची फेरी तीन वर्षं झाली म्हणून आपोआप बंद होत नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

---

पल्लवी_जळगाव

मग अलायन्स आधी एअर इंडियासाठी उडायची ते असंच होतं का? मला आठवतं, तिकिटावर एआय नंबर असायचा.

---

तांत्रिक_काका

बऱ्याच अंशी तसंच. फेऱ्यांना एअर इंडियाचा कोड, म्हणजे उड्डाण क्रमांकाआधीची एआय ही अक्षरं, आणि तिकीट एअर इंडियाच्या यंत्रणेतून. नाशिकचा माणूस एका तिकिटावर पुढे लंडनपर्यंत जाऊ शके. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, अलायन्स मात्र सरकारकडेच, एआय ॲसेट्स होल्डिंग ह्या कंपनीखाली राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिचा स्वतःचा ९आय कोड सुरू झाला. स्वतःची तिकीटविक्री, स्वतःचं कॉल सेंटर, स्वतःचे काउंटर. एकाएकी पाठीमागची मोठी कंपनी गेली आणि पुढे जोडणारे प्रवासीही गेले.

ज्या महिन्यात हे झालं त्याच महिन्यात डॉर्नियर सुरू होत होती. त्या काळात तिथे काम करणाऱ्यांनी काय ओढलं असेल ह्याची मला कल्पना आहे. बाहेरून टीका करणं सोपं असतं.

---

हिशेबनीस_कोल्हापूर

सगळे अलायन्सबद्दल बोलताय, मी आमच्या स्टार एअरचं सांगतो. घोडावत समूहाची, म्हणजे आमच्या जयसिंगपूर-कोल्हापूरकडच्या मंडळींची कंपनी. जानेवारी २०१९ मध्ये बेंगळुरू–हुबळीनं सुरुवात. विमान एम्ब्रेअर १४५, पन्नास जागांचं जेट. २०२३ पासून एम्ब्रेअर १७५, ७६ जागांचं, त्यात १२ बिझनेस क्लास.

लोक विचारतात की पन्नासच का, शहात्तरच का. मी सीए आहे, मला ह्या आकड्यांत कायदा दिसतो.

पन्नास जागांपर्यंत एक केबिन क्रू पुरतो, एक्कावन्नावी जागा आली की दुसरा. १९ जागांपर्यंत केबिन क्रू लागतच नाही, म्हणून डॉर्नियर आणि बीचक्राफ्ट. ८० जागांच्या आतल्या देशांतर्गत विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट इंधन. टर्बोप्रॉप, म्हणजे एटीआरसारखं पंख्याचं विमान, आणि ४० टनांच्या आतलं नियमित सेवेचं विमान ह्यांचं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यात 'घोषित माल' आहे. राज्याला त्यावर चार-पाच टक्क्यांच्या पलीकडे कर लावता येत नाही. मोठ्या विमानाच्या इंधनावर मुंबई-पुण्यात आधी २५ टक्के होता, आता १८. इंधन हा विमान कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च, तेव्हा हा फरक किती ते बघा. एम्ब्रेअर १७५ जागांतही बसतं आणि वजनातही बसतं. ते विमान निवडणाऱ्यानं नियम नीट वाचले होते.

जेटचा दुसरा फायदा अंतर. ३१ मार्च २०२४ पासून आदमपूर–हिंडन–नांदेड–बेंगळुरू अशी साखळी सुरू केली. हुजूर साहिबला येणारा पंजाबातला भाविक, आणि दुसऱ्या टोकाला बेंगळुरूत नोकरी करणारा नांदेडचा मुलगा, दोघेही त्याच विमानात. एटीआरनं एवढं अंतर कापायला दिवस गेला असता. पण तीनशे-चारशे किलोमीटरच्या फेरीला जेट इंधन पितं, तिथे एटीआरच खरं.

---

पेडणेकार

गोव्यातून लिहितोय. फ्लाय९१ चा तळ आमच्या मोपा विमानतळावर आहे. मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, ताफा सगळा एटीआर ७२-६००. एकच प्रकारचं विमान ठेवलंय, हे काकांच्या मुद्द्याला धरून आहे. गोवा, सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर, पुणे, अगत्ती, बेंगळुरू, हैदराबाद असं जाळं विणायचा प्रयत्न आहे.

जुन्या लोकांसाठी एक : ह्या कंपनीला आयसी हा कोड मिळाला, जो पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता. माझे वडील दाबोळीला त्याच कंपनीत लोडर होते. फलकावर आयसी बघून त्यांना बोलवेना.

सांगायचा मुद्दा, तळ गोव्यात असल्यामुळे इथल्या मुलामुलींना नोकऱ्या मिळाल्या. पेडण्याची, सावंतवाडीची पोरं ग्राउंड स्टाफमध्ये दिसतात. विमान येऊन जाण्यानं गावाला जेवढं मिळतं, त्यापेक्षा विमान राहिल्यानं जास्त मिळतं.

---

रोखठोक_नगर

मला सगळ्यांचं पटत नाही. ७० माणसांच्या विमानासाठी सरकारनं पैसे का मोजायचे? तेवढ्या पैशात किती एसट्या येतील? मुंबई–मडगाव वंदे भारत जून २०२३ पासून चालू आहे. चिपीला विमान पाहिजेच कशाला?

---

उजवी_सीट

प्रश्न रास्त आहे. मला त्यावर दोन वेगळी उत्तरं द्यावीशी वाटतात.

लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अरुणाचलमधलं पासीघाट एका गटात. अगत्तीची धावपट्टीही १,२०० मीटरच्या घरातली, दोन्ही बाजूंना समुद्र. वर्षानुवर्षं तिथे फक्त अलायन्सचं एटीआर कोचीहून जायचं. पावसाळ्यात जहाज बंद असलं की तेवढाच आधार. तिथल्या बाईचं बाळंतपण अडलं तर काय, असा विचार केला की व्हीजीएफचा हिशेब मांडावासा वाटत नाही. अशा ठिकाणी मदत कायमची हवी आणि तशी ती उघडपणे जाहीर करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिपी, जळगाव, सोलापूर दुसऱ्या गटात. इथे रेल्वे आहे, रस्ता आहे. इथली मदत मार्ग रुजवण्यासाठी आहे. ती एकदम न तोडता चौथ्या-पाचव्या वर्षी कमी कमी करत न्यायला हवी. आणि रुजला की नाही हे फक्त किती जागा भरल्या ह्यावरून ठरवू नये, कारण फेरीच दुपारी एकला असेल तर मागणी कळणार कशी? नाशिकचं उदाहरण घ्या. ओझरहून लहान कंपन्या आल्या, गेल्या, अलायन्स होती, स्टार एअर होती. २०२३ मध्ये इंडिगो आली. आधीच्यांनी प्रवासी तयार केले म्हणून ती आली, असं मी मानतो.

आणि केंद्राचा निधी येतो तो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून. एसटीचे पैसे त्यात जात नाहीत. राज्याचा वाटा मात्र राज्याच्या तिजोरीतून जातो, तिथे तुमचा प्रश्न लागू पडतो.

---

सिद्धेश्वर_पेठ

राज्याच्या वाट्यावरून आठवलं. आमच्या सोलापूरला विमानतळ असून विमान नव्हतं. साखर कारखान्याची चिमणी उड्डाणाच्या वाटेत, म्हणून किती वर्षं वाद झाला ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जून २०२३ मध्ये चिमणी पाडली. दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला गोव्याची फेरी सुरू झाली, मग ऑक्टोबरमध्ये मुंबई, स्टार एअरची. मुंबईसाठी राज्य सरकारनं स्वतःच तूट भरायचं ठरवलं, एका जागेमागे ३,२४० रुपये, एक वर्षासाठी.

त्या कारखान्याचे सभासद असलेले शेतकरी आमच्या घरात आहेत. त्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे. तेव्हा एक वर्षानंतर फेरी बंद झाली तर ते आम्हाला सहन होणार नाही. उजवी_सीट म्हणतात तसं हळूहळू कमी करत न्या, पण आधी सांगून करा.

---

अंबानगरी

अमरावतीहून. आमच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं पहिलं विमान आलं, अलायन्सचंच एटीआर ७२. सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, तेही दुपारनंतर. धावपट्टी १,८५० मीटर. आता हा धागा वाचून पोटात गोळा आला, कारण चिपीची आणि आमची गोष्ट अगदी एकसारखी दिसते. "इमान आलं, पण राहीन काय?" असं आमच्या इकडे सगळेच विचारतात.

आमच्या व्यापारी मंडळींची बैठक व्हायची आहे. तिथे नुसतं "फेरी रोज करा" असं निवेदन देण्याऐवजी नेमकं काय मागावं? काका, तुम्ही सांगा. मुक्काम मागता येईल का?

---

तांत्रिक_काका

मागता येईल, आणि मागाच. पण मागताना तुम्ही काय देणार तेही घेऊन जा.

पहिलं, रात्री उतरण्याची सोय आणि विमानतळाचे कामाचे तास, ज्याला आम्ही वॉच अवर्स म्हणतो. शेवटची फेरी मुंबईहून रात्री आठला निघाली तर दहाच्या सुमारास ती तुमच्याकडे उतरणार. तोवर टॉवर, अग्निशमन दल, सुरक्षा सगळं जागं हवं, आणि पहाटे साडेपाचला पुन्हा. हे विमान कंपनीच्या हातात नाही. विमानतळ चालवणारी राज्याची कंपनी आणि केंद्र ह्यांच्याकडे पाठपुरावा करावा लागेल. मुक्कामाच्या मागणीआधी ही मागणी.

दुसरं, एटीआरचा परवाना असलेला इंजिनिअर रात्री हजर हवा. मुक्कामाला रोजची तपासणी होते, सकाळी त्याची सही झाल्याशिवाय विमान निघत नाही. एक जोडी चाकं, एक ब्रेक, तेल, नायट्रोजन, काही मोजके सुटे भाग आणि वीज देणारी गाडी जागेवर हवी. नाहीतर पहाटे एक टायर खराब निघाला तर तो मुंबईहून रस्त्यानं येईपर्यंत दिवस जातो आणि तुमच्याबरोबर आणखी तीन गावांच्या फेऱ्या रद्द होतात.

तिसरं, क्रू. दोन वैमानिक, दोन केबिन क्रू रात्री राहणार. विमानतळापासून जवळ, शांत खोल्या आणि वेळेवर गाडी. विश्रांतीचे नियम आता आणखी कडक झालेत, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आहे. हॉटेल बडनेऱ्याच्या बाजूला मिळालं तर शहरातून यायचा वेळ वाचेल. तुमच्या मंडळींपैकी कुणाचं हॉटेल असेल तर वर्षभराचा दर आधी ठरवून कागदावर द्या. लहान कंपनीच्या खर्चात हा आकडा छोटा नसतो.

चौथं, मुंबईत सकाळी उतरायला स्लॉट, म्हणजे ठरवून मिळालेली वेळ. सकाळी आठ-नऊच्या गर्दीत एटीआरसाठी जागा मिळणं फार कठीण. नवी मुंबई डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, तेव्हा तिथे उतरायची तयारी ठेवा. अमरावतीच्या माणसाला पनवेलला उतरून काम होत असेल तर स्लॉटचा निम्मा प्रश्न सुटतो. बैठकीत हे मत आधी आजमावा.

शेवटचं, कराराचे कागद. व्हीजीएफ कोणत्या तारखेला संपतो, राज्याचा हप्ता किती महिन्यांनी कंपनीला मिळतो, हे लेखी विचारा. हप्ता उशिरा आला की लहान कंपनीचं भाडेपट्ट्याचं विमान आधी अडचणीत येतं. आणि जागा विकत घेण्याची हमी देता येते का बघा. तुमच्यापैकी काही जणांनी मिळून रोजच्या सकाळच्या फेरीतल्या आठ-दहा जागा वर्षभरासाठी पूर्ण दरानं उचलल्या, तर कंपनीच्या नेटवर्क विभागात तुमचं पत्र वाचलं जाईल.

बैठकीची तारीख ठरली की इथे कळवा. मला नागपूरला लेकीकडे यायचंच आहे, मी अमरावतीला येऊन जाईन. विमानतळावर जागा कुठे आहे, उभं करायला पट्टा किती रुंद आहे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

---

अंबानगरी

काका, नक्की या. गाडी पाठवतो. मुद्दे छापून घेतलेत, राज्याच्या हप्त्याचा प्रश्न सगळ्यात वर ठेवला आहे.